सडेलचा अपराध कोणता?

विल्यम सडेलची गोष्ट इंग्लंडच्या फुटबॉलच्या इतिहासात ठरावीक वळणाने सांगितली जाते. लँकेशायरमधल्या प्रेस्टन गावच्या कापड गिरणीचा तो व्यवस्थापक. गावातल्या एका सामान्य क्लबसाठी त्याने स्कॉटलंडहून खेळाडू आणले, त्यांच्या पोटापाण्याची सोय केली, पकडला गेल्यावर ते उघडपणे मान्य केले, आणि त्या कबुलीने हौशी फुटबॉलची सद्दी संपली. पुढे देशातली पहिली लीग त्याच्या संघाने एकही सामना न हरता जिंकली. मग 1895 साली गिरणीच्या 5,326 पौंडांची अफरातफर केल्याबद्दल तो तीन वर्षांसाठी तुरुंगात गेला. सांगणारा इथे थांबतो आणि ऐकणारा मनाशी निष्कर्ष काढतो: खेळात पैसा आणणाऱ्याचा शेवट असाच व्हायचा.

सडेलचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पण त्या निष्कर्षामागचा विचार मराठी माणसाच्या मनात खोल रुजलेला आहे. खेळाची सेवा निरपेक्ष असावी, मंडळाचा कार्यवाह मानद असावा, घरचे खाऊन त्याने मैदान झाडावे, पगार घेणारा आला की खेळाचा धंदा झाला. सत्कार समारंभात ‘एक पैसाही न घेता’ हे शब्द आले की टाळ्या पडतात. हा विचार मांडणारी माणसे चांगली असतात, त्यांच्यातल्या कितींनी आयुष्य खेळासाठी झिजवलेले असते, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालताना पूर्वपक्ष नीट, पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो असा: पैसा आला की लोभ येतो, लोभ आला की हिशेब बिघडतो, आणि सडेल हा त्याचा पहिला पुरावा. व्यावसायिक फुटबॉलचा पहिला मोठा प्रशासकच चोर निघाला, तर पुढच्यांकडून काय अपेक्षा ठेवायची?

माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. सडेलने चोरी केली, ती न्यायालयात सिद्ध झाली, आणि तिची मी कोणतीही सफाई देणार नाही. पण ती चोरी व्यावसायिकतेच्या पोटातून जन्मली नाही. ती जन्मली त्याच्या कारभारातला जो भाग हौशी, एकहाती आणि मानद राहिला होता त्यातून. खेळाडूंना त्याने व्यावसायिक केले, स्वतःच्या पदाला मात्र केले नाही.

आधी काळ आणि गाव. सडेलचा जन्म 1850 सालचा. तो शाळकरी वयाचा असताना अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना वऱ्हाडचा कापूस दिसू लागला. कापसाच्या त्या दुष्काळातून सावरलेल्या प्रेस्टनमध्ये तो गुडेअर यांच्या गिरणीत कामाला लागला आणि व्यवस्थापकपदापर्यंत चढला. प्रेस्टनचा नॉर्थ एंड हा मुळात क्रिकेटचा क्लब, 1863 सालचा. डीपडेलचे मैदान क्लबने 1875 मध्ये भाड्याने घेतले. हिवाळ्यात मैदान रिकामे राहू नये म्हणून आधी रग्बी आणि मग फुटबॉल आले. 1881 मध्ये शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सने या नवशिक्या संघाला 16-0 असे चिरडले. अशा पराभवानंतर बहुतेक कारभारी पुन्हा क्रिकेटकडे वळले असते. सडेलने चौकशी केली की चांगला फुटबॉल कुठे खेळतात. उत्तर होते स्कॉटलंड. तिथले खेळाडू चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकत, तर इंग्लंडमध्ये अजून एकेकट्याने चेंडू घेऊन धावण्याची पद्धत जोरात होती. निक रॉस, जॉर्ज ड्रमंड, डेव्हिड रसेल, पुढे निकचा भाऊ जिमी अशी माणसे प्रेस्टनला आली. सडेलने त्यांना गावात कामे लावून दिली आणि संघ उभा केला. फळ्यावर खडूने आखून तो डावपेच समजावीत असे, असेही सांगतात.

जानेवारी 1884 मध्ये एफ. ए. कपच्या सामन्यात प्रेस्टनची गाठ लंडनच्या अप्टन पार्क क्लबशी पडली. सामना 1-1 बरोबरीत सुटला आणि अप्टन पार्कने तक्रार केली की प्रेस्टनचे खेळाडू विकत आणलेले आहेत. फुटबॉल असोसिएशनपुढे सडेलला बोलावले गेले. त्याने सरळ सांगितले: होय, आम्ही बाहेरून खेळाडू आणतो, त्यांना कामे मिळवून देतो, आणि हे आमच्याकडचे सगळेच क्लब करतात. प्रेस्टनला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले.

इथे जबलपूरच्या वाचकाला मी एक विनंती करीन. या प्रसंगाकडे त्याने लंडनच्या चष्म्यातून न पाहता आपल्या शहराच्या अनुभवातून पाहावे. आमच्या अधारतालच्या कोणत्याही गल्लीत आयुध कारखान्यात किंवा रेल्वेत नोकरी केलेला माणूस भेटतो. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, वाहन कारखाना या नावांवर या शहराची दोन-तीन पिढ्यांची घरे उभी राहिली. या कारखान्यांत आणि रेल्वेत खेळाडू म्हणून भरती होण्याची वाट होती, आणि हॉकीच्या, फुटबॉलच्या कित्येक मुलांनी ती धरली. कागदावर तो फिटर किंवा कारकून, सकाळ-संध्याकाळ मैदानावर, स्पर्धेच्या दिवसांत सुट्टी पगारी. ज्या मुलाच्या घरात दुसरा आधार नव्हता त्याला या वाटेने खेळता आले, आणि याला आपण कधीही पाप म्हटले नाही. उलट अशा नोकरीचे पेढे वाटले. सडेलने 1880 च्या दशकात केले ते एवढेच. फरक इतकाच की आपल्याकडे सरकारी नियमाने ते झाकले गेले, आणि त्याच्यापुढे ज्यांनी न्यायासन मांडले त्यांना पोटासाठी काम करण्याची गरजच नव्हती.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण हौशीपणाची सारी नीती त्यावर उभी आहे. ईटनसारख्या शाळांतून शिकलेल्यांच्या हाती त्या काळी असोसिएशन होती. दर शनिवारी खेळायला, लंडनचा प्रवास करायला त्यांना कोणाची रजा काढावी लागत नव्हती. सूत कातणाऱ्या कामगाराला लंडनला सामना खेळायचा तर दिवसाची मजुरी बुडे. 1883 मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने अंतिम सामन्यात जुन्या ईटनकरांना 2-1 हरवले, आणि पुढच्याच वर्षी पैशाविरुद्धची मोहीम तापली. हा योगायोग समजायला मी तयार नाही. ज्या नियमात एका वर्गाला त्याग करावा लागत नाही आणि दुसऱ्या वर्गाला खेळच सोडावा लागतो, त्या नियमाला नीती म्हणता येणार नाही. उत्तरेकडच्या क्लबांनी ऑक्टोबर 1884 मध्ये वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली, तेव्हा असोसिएशन नमली. 20 जुलै 1885 रोजी व्यावसायिक खेळाडूला मान्यता मिळाली. तीही हातचे राखून: कपच्या सामन्यासाठी तो मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला किंवा दोन वर्षे राहिलेला असावा, आणि पैसे घेणाऱ्या खेळाडूने कोणत्याही समितीवर बसू नये. खेळ त्याने खेळावा, कारभार आम्ही करू, असा त्याचा अर्थ होता. ही शेवटची अट लक्षात ठेवावी. पुढच्या अनर्थाचे बी तिच्यात आहे.

हौशीपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी 1895 या एका वर्षाची आठवण करून देतो. त्याच वर्षी सडेलला शिक्षा झाली आणि त्याच वर्षी इंग्लंडने क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्यासाठी वर्गणी काढली. ग्रेस आयुष्यभर कागदोपत्री हौशी खेळाडू होते. त्या वर्षी त्यांना मिळालेली रक्कम नऊ हजार पौंडांहून अधिक होती. ग्रेस यांनी काही चोरले नाही, लोकांनी प्रेमाने दिले, हे खरे. पण ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ हा भेद पैसा घेण्या-न घेण्याचा होता, असे मग कसे म्हणता येईल? तो भेद पैसा कोणत्या दाराने येतो याचा होता. पुढच्या दाराने, ठरलेल्या दराने, वहीत नोंद होऊन आला तर तो हीन. मागच्या दाराने, मान म्हणून, खर्च म्हणून आला तर तो शोभिवंत. आपल्या क्रीडा मंडळांतही प्रवासखर्च आणि मानधन या शब्दांनी बरेच काही झाकले जाते. पगार हा शब्द नको, एवढ्यासाठी.

आता सडेलच्या कर्तृत्वाकडे पाहू, कारण अफरातफरीच्या गोष्टीत ते दबून जाते. मार्च 1888 मध्ये ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर यांनी पाच क्लबांना पत्रे पाठवली. रोज कुठे ना कुठे मैत्रीचे सामने ठरत, ऐनवेळी रद्द होत, प्रेक्षक चिडत आणि खेळाडूंचा पगार मात्र थांबत नसे. यावर त्यांनी सुचवले की ठरावीक क्लबांनी एकमेकांशी घरी आणि परगावी असे ठरलेले सामने खेळावेत. 17 एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात बैठक झाली, बारा क्लब एकत्र आले. ‘फुटबॉल लीग’ हे नाव सडेलने सुचवले आणि खजिनदारही तोच झाला. पहिल्या हंगामात प्रेस्टनने 22 सामन्यांत 18 विजय आणि 4 बरोबरी अशी कामगिरी केली, 74 गोल केले, 15 स्वीकारले. कप तर एकही गोल न स्वीकारता जिंकला. आज जगातल्या बहुतेक देशांच्या लीग याच आराखड्यावर चालतात: ठरलेले वेळापत्रक, गुण, घर आणि परगाव. म्हणजे सडेलच्या कामाचा व्यावसायिक भाग, जो करारावर आणि वेळापत्रकावर उभा होता, तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. कोसळले ते दुसरेच काही.

सडेल क्लबचा पगारी नोकर नव्हता. त्याचा चरितार्थ गिरणीच्या पगारावर चालत होता. क्लबमध्ये अध्यक्ष तोच, संघ निवडणारा तोच, खेळाडू शोधायला जाणारा तोच, पाहुण्यांना जेवण घालणारा तोच. खेळाडूंचा पगार दर आठवड्याला द्यायचा असे आणि दाराशी जमणारा पैसा सामन्यावर, पावसावर, प्रतिस्पर्ध्यावर अवलंबून. तुटीचा खड्डा कोण भरतो हे विचारण्याची कोणाची टाप नव्हती, कारण भरणारा उपकारकर्ता होता. जो माणूस काही घेत नाही त्याच्याकडे हिशेब मागणे हे कृतघ्नपणाचे वाटते. मानद कारभाराचा हाच खरा दोष आहे आणि तो माणसाच्या स्वभावात नसून व्यवस्थेत आहे: उपकार आणि हिशेब एका वहीत नांदत नाहीत.

पूर्वपक्षाला एक साधा प्रश्न विचारतो. सडेलची चोरी पकडली कोणी? क्लबने नाही. क्लबच्या समितीला, सभासदांना, डीपडेलवर गर्दी करणाऱ्या हजारो प्रेक्षकांना पैसा येतो कुठून हा प्रश्न पडला नाही, किंवा पडला तरी त्यांनी तो उच्चारला नाही. चोरी बाहेर आली ती गिरणीच्या वह्यांतून. जिथे सडेल पगारी नोकर होता, जिथे त्याच्यावर मालक होता, तिथे उशिरा का होईना तपासणी झाली आणि तो सापडला. जिथे तो मानद होता तिथे तो वर्षानुवर्षे देव होता. या एका वस्तुस्थितीपुढे ‘पैशाने प्रशासक बिघडतो’ हा सिद्धांत कसा उभा राहतो, हे मला कोणी समजावून सांगावे. क्लबने 1893 मध्ये मर्यादित कंपनीचे रूप घेतले आणि सडेलचे एकछत्री राज्य संपले. दोन वर्षांनी खटला झाला. शिक्षा भोगून तो दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेला, तिथे वृत्तपत्रांत खेळावर लिहीत राहिला आणि 1911 मध्ये वारला. प्रेस्टन नॉर्थ एंड मात्र आजही डीपडेलवर खेळतो. संचालक मंडळ, भागधारक आणि छापील ताळेबंद ही सामग्री त्याला सडेलच्या दातृत्वापेक्षा जास्त उपयोगी पडली.

पगारी प्रशासक कसा असतो याचा दाखला त्याच काळात, त्याच देशात आहे आणि तो सडेलच्या शेजारी ठेवून पाहिलाच पाहिजे. 1886 मध्ये ॲस्टन व्हिलाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: क्लबसाठी व्यवस्थापक हवा, पूर्ण वेळ द्यावा लागेल, समितीच्या आज्ञेत राहावे लागेल, वर्षाला शंभर पौंड मिळतील. निवड झाली जॉर्ज रॅमसे यांची. एके काळी ते याच क्लबचे खेळाडू होते. 1926 पर्यंत त्यांनी ते काम केले. त्यांच्या कारकिर्दीत व्हिलाने सहा वेळा लीग आणि सहा वेळा कप जिंकला. शंभर पौंडांचा नोकर चाळीस वर्षे टिकला. फुकट राबणारा दाता दहा वर्षांत स्वतः संपला. मॅकग्रेगर हे व्हिलाचे सन्माननीय पुढारी होते, कापडाचे दुकान चालवीत आणि क्लबकडून पगार घेत नसत. पण रोजचा कारभार त्यांच्या खिशातून चालत नव्हता. मानद पुढारी आणि पगारी कार्यवाह अशी ही कामाची वाटणी होती. सडेलकडे दोन्ही भूमिका एकवटल्या होत्या आणि खिसा मात्र तिसऱ्याचा होता.

यावर कोणी म्हणेल की इंग्लंडचे इंग्लंडपाशी, दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्याला काय कामाची? कामाची आहे. आपल्या महाराष्ट्रात आणि गोव्यात गेल्या वीस वर्षांत फुटबॉल क्लबांची जी पडझड झाली तिचे कारण सांगताना आपण नेमकी हीच चूक करतो. ‘क्रिकेटने फुटबॉल गिळला’, ‘मराठी माणसाला फुटबॉलचे वेड नाही’, ‘कंपन्यांनी पैसा ओतला आणि खेळाचा आत्मा गेला’ ही तीन वाक्ये मी पुन्हा पुन्हा ऐकतो.

पुण्याचे उदाहरण घ्या. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफ. सी. काढला. 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, तो दुसरा आला, अकादमी चांगली चालवली, बालेवाडीत मुले सामने पाहायला येऊ लागली. 2015 मध्ये समूहाने हात काढून घेतला आणि क्लब संपला. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. एकच हंगाम खेळला. 1987 मध्ये स्थापन झालेला शिवाजीयन्स हा पुण्यातला जुना क्लब डी. एस. कुलकर्णी समूहाच्या नावाने आय-लीगमध्ये आला, लिव्हरपूलच्या सहकार्याने त्यांनी अकादमीही उभारली. समूह आर्थिक अडचणीत आला आणि 2017 मध्ये संघ बंद झाला. इंडियन सुपर लीगमधला एफ. सी. पुणे सिटी 2019 मध्ये विसर्जित होऊन त्याची जागा हैदराबादला गेली. एका शहरात बारा वर्षांत चार क्लब गेले. मुंबईत महिंद्रा युनायटेड 1962 पासूनचा, 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता. 2010 मध्ये कंपनीने ठरवले आणि तो बंद झाला. मुंबई एफ. सी. 2007 ते 2017 असा जगला.

यांतला एकही क्लब प्रेक्षक नाहीत म्हणून मेला असे मला दिसत नाही. प्रेक्षक कमी होते, हे मान्य. पण 1881 मध्ये 16-0 हरणाऱ्या प्रेस्टनला तरी कुठे गर्दी होती? हे क्लब मेले ते एका खिशावर जगत होते म्हणून. खिसा आटला, किंवा खिशाच्या धन्याचे मन बदलले, की संपले. सभासद नव्हते, म्हणून विचारणारे कोणी नव्हते. यांना आपण व्यावसायिक म्हणतो ही मोठी फसगत आहे. खेळाडूंशी करार होते, प्रशिक्षक परदेशी होते, सारे खरे. परंतु क्लबचा मालकाशी असलेला संबंध सडेलच्या काळचाच होता, आश्रयाचा.

गोव्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आणि म्हणून जास्त बोधक आहे. गोव्याचा फुटबॉल पोर्तुगीजांनी दिला हा एक रूढ समज. प्रत्यक्षात 1883 मध्ये शिवोलीला हवापालटासाठी आलेल्या विल्यम लायन्स या ब्रिटिश पाद्रीने तो मुलांना शिकवला. दुसरा समज असा की तो केवळ गावोगावच्या चर्चच्या अंगणात वाढला. अंगणात तो वाढलाच. पण देशाच्या नकाशावर त्याला नेले खाणमालकांच्या क्लबांनी. वासुदेव महादेव साळगावकर यांनी 1956 मध्ये आपल्या व्यवसायाच्या नावाने विमसन हा संघ काढला, तोच पुढे साळगावकर क्लब झाला. 1998-99 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा तो गोव्याचा पहिला क्लब. डिचोलीच्या एका क्लबमधून वाढलेल्या धेंपो क्लबने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले. या दोन घराण्यांचे ऋण कोणताही फुटबॉलप्रेमी नाकारणार नाही. त्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, करार दिले, घरे उभी राहू दिली. आश्रयदाता म्हणून ते सडेलपेक्षा फार वरच्या पातळीवरचे, कारण पैसा त्यांचा स्वतःचा होता.

तरीही 2016 मध्ये काय झाले ते पाहा. भारतीय फुटबॉल महासंघाने देशाच्या लीगची नवी रचना मांडली आणि आय-लीगचे स्थान खाली जाणार असे दिसले. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्यांची तक्रार रास्त होती असे माझेही मत आहे. पण हा निर्णय घेताना दशकानुदशके फातोर्ड्याच्या मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकाला मत नव्हते, खेळाडूला नव्हते. मालकाने ठरवले. धेंपो पुढे 2024-25 च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला, तेही मालकाने ठरवले म्हणून. दात्याची नियत कितीही स्वच्छ असो, क्लबचे आयुष्य त्याच्या निश्चयाएवढेच राहते.

याच्या शेजारी कोल्हापूर ठेवा. तिथे पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावे कुठल्या कंपनीची नाहीत, ती पेठांची आणि तालमींची आहेत. 1940 पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन त्यांच्या स्पर्धा भरवते आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. तिथेही बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू पैसे देऊन आणले गेले आहेत. म्हणजे पैसा आला, आणि तालमी मेल्या नाहीत. कारण पाटाकडील तालीम बंद करण्याचा अधिकार एकट्या माणसाच्या हाती नाही. ‘मराठी माणसाला फुटबॉलचे वेड नाही’ या वाक्याचे उत्तर देण्याचीही मग गरज उरत नाही. ज्याला शंका असेल त्याने मोसमात कोल्हापूरला जावे. कोल्हापूरच्या तालमींच्या संघांना राष्ट्रीय लीगमध्ये जाता आलेले नाही, ही तिथली उणीव खरी आहे, आणि ती पूर्ण वेळ, पगारी, जाणत्या प्रशासनाअभावी आहे असे मी म्हणेन. तालमीकडे लोक आहेत, रॅमसे नाही. पुण्याच्या क्लबांकडे पगारी व्यवस्थापक होते, लोक नव्हते.

कोलकात्याचा मोहन बागान 1889 पासून सभासदांचा क्लब आहे. 1998 मध्ये त्याच्या फुटबॉल कंपनीत मद्य उद्योगातल्या यू. बी. समूहाने निम्मा वाटा घेतला, पुढे तो समूह गेला, क्लब राहिला. 2020 मध्ये फुटबॉल कंपनीचा ऐंशी टक्के वाटा गोएंका समूहाकडे गेला तरी उरलेला वाटा सभासदांच्या क्लबकडे आहे आणि क्लबच्या निवडणुका आजही होतात. हा बदल मला पूर्णपणे आवडलेला नाही, पण आश्रयदाता बदलूनही क्लब जगतो हे त्याने दाखवले. जर्मनीने तर 1998 मध्ये नियमच केला की क्लबने कंपनी काढली तरी मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांकडेच राहील.

पूर्वपक्षाचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप उरतो. तो असा की पगारी प्रशासकही चोरी करतात. मग पगाराने काय साधले? आणि ज्या शेकडो माणसांनी निरपेक्षपणे मैदाने राखली त्यांचा हा अपमान नाही का? आधी दुसऱ्या भागाविषयी. मैदानावर चुना टाकणारा, पोरांना सकाळी उठवून सरावाला नेणारा, पदरमोड करून बूट आणून देणारा माणूस कधीच या टीकेचा विषय नाही. त्याच्याकडे सत्ता नसते आणि तिजोरी नसते. माझा आक्षेप सत्ता आणि तिजोरी हाती असलेल्या मानदपणाला आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे निवडून आलेले पदाधिकारी डिसेंबर 2020 मध्ये मुदत संपल्यावरही पदावर राहिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, प्रशासक समिती आली, आणि 16 ऑगस्ट 2022 रोजी जागतिक संघटनेने भारताला निलंबित केले. दहा दिवसांनी निलंबन उठले. या साऱ्या नामुष्कीत खेळाडूंच्या पगाराचा काही संबंध नव्हता. खुर्ची सोडण्याची तारीख न पाळल्याचा होता.

पहिल्या भागाचे उत्तर असे की पगार माणसाला प्रामाणिक करतो असा माझा दावा नाही. पगार त्याला उत्तरदायी करतो. नोकराला नेमता येते, जाब विचारता येतो, काढता येते. अधारताल हे नाव राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्यावरून पडले, असे इथली परंपरा सांगते. राणीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि दिवाणांचा हा. दिवाण हा राज्याचा पगारी माणूस, आणि त्याचे काम तलावाएवढे टिकले. क्रीडा मंडळाच्या कार्यवाहाला पगार दिला तर सेवा विटाळते असे मानणाऱ्या माझ्या जबलपूरकर मित्रांना मी एवढेच विचारतो की शहरातल्या मंडळाच्या वार्षिक सभेत ताळेबंद शेवटचा कधी वाचला गेला, त्यावर प्रश्न किती आले आणि त्यांना उत्तर कोणी दिले. तो कागद पाहिल्यावर सडेलबद्दल पुन्हा बोलू.